चोवीस ग्रॅमचा मागोवा

गोव्यात एका परदेशी पर्यटकाकडे चरसाच्या दोन कांड्या सापडल्या. एक सात ग्रॅमची, दुसरी पाच ग्रॅमची. पंचनामा झाला, सील लागलं आणि रासायनिक तपासणीला त्यातली एकच कांडी गेली. अहवाल आला : चरस. खालच्या न्यायालयानं दहा वर्षांची सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड ठोठावला, तो वर कायमही झाला. १९९३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं तेव्हा सगळा डोलारा एका साध्या गोष्टीवर अडला. दुसरी कांडी कुणी तपासलीच नव्हती, मग तीही चरसाचीच होती हे मानायचं कशावरून? सिद्ध झाला तो एका कांडीपुरता माल, पाच ग्रॅमच्या आतला. त्या काळी पाच ग्रॅमपर्यंतचा चरस ‘अल्प प्रमाण’ धरला जाई. तो स्वतःच्या सेवनासाठी होता असं धरून दहा वर्षांची शिक्षा सहा महिन्यांवर आली.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असं आपण म्हणतो. पण ही म्हण भात एकाच भांड्यात शिजलेला असेल तरच खरी ठरते. दोन भांडी असली की एका शितानं भागत नाही. अमली पदार्थांच्या खटल्यांत गेली चाळीस वर्षं जो वाद चालू आहे, तो या भांड्यांचा आणि शीत कुणी काढलं याचा. आणि त्या शितावर फक्त शिक्षा ठरत नाही. खटला उभा राहण्याआधी आरोपी किती वर्षं आत राहणार, तेही ठरतं.

नमुना घेण्याची ही रीत मुळात पोलिसांची नव्हे. ती अफूच्या महसुलातून आली. गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात शेतकऱ्याची अफू आली की पारखी ती बोटांत चोळून, हुंगून बघत. मग त्यातली चिमूटभर घेऊन वाफेवर तापवलेल्या पत्र्यावर सुकवली जाई. पाणी उडून किती ऐवज उरला, त्यावर भाव. सत्तर टक्के घट्टपणा हे प्रमाण मानलेलं होतं आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी अफू व्यवहारात ते आजही सुटलेलं नाही. तिथल्या चिमटीत शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न असे. भेसळ निघाली तर भाव पडे, फार तर माल जप्त होई. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती आणि सरकारला हवा होता तो तिच्यावरचा कर. १८५७ आणि १८७८ चे अफू कायदे याच नजरेतून लिहिलेले आहेत. त्यांत चोरटा व्यापारी म्हणजे कर बुडवणारा माणूस.

नमुन्याचं दुसरं घराणं विषप्रयोगाच्या खटल्यांतलं. सोमल, धोत्रा, अफू यांनी मेलेल्या माणसाचा व्हिसेरा बरणीत घालून मुंबई इलाख्याच्या केमिकल अ‍ॅनालायझरकडे जाई. ते पद आता इतिहासजमा झालं, पण महाराष्ट्रातला कुठलाही पोलीस हवालदार आजही ‘सी.ए. रिपोर्ट आला का?’ असंच विचारतो. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल असला तरी बोलताना तो ‘सी.ए.’च. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१० नं या अहवालाला एक खास सवलत दिली होती : रसायनतज्ज्ञाला साक्षीला न बोलावता त्याचा कागद पुरावा म्हणून वाचता येईल. १९७३ च्या संहितेत ती कलम २९३ मध्ये आली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

या सवलतीचा एक परिणाम झाला. प्रयोगशाळेतला माणूस सहसा पिंजऱ्यात उभाच राहत नाही, त्यामुळे बचावाच्या वकिलाची उलटतपासणी मागे सरकते. पुडी प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच्या वाटेवर. माल कुणी फोडला, किती पुड्या होत्या, लाखेवर कुणाचा ठसा होता, तो ठसा नंतर कुणाकडे राहिला, मुद्देमालाच्या वहीत नोंद कधी पडली, पंच कुठून आणले. त्याच १८९८ च्या संहितेनं झडतीला परिसरातल्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांना हजर ठेवायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात पंच म्हणून कोण उभं राहतं, हे कोर्टात चार दिवस बसलेल्या माणसाला सांगायला नको.

तरी या प्रश्नांना पूर्वी फारशी धार नव्हती. १९३० च्या घातक औषधद्रव्य कायद्यातून १९८५ पर्यंत जी शिक्षा होई ती जास्तीत जास्त तीन वर्षांची, पुन्हा सापडला तर चार. किमान शिक्षा नव्हतीच. जामीन मिळायला अडचण नसे. चार-सहा महिन्यांच्या शिक्षेसाठी लाखेच्या ठशावर वाद घालायला वकिलाची फी कोण देणार?

मग एक मुदत संपत आली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं गांजासारख्या पदार्थांचा बिगरवैद्यकीय वापर बंद करायला पंचवीस वर्षांची सवड दिली होती. १४ नोव्हेंबर १९८५ पासून ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ लागू झाला. हे नाव एका दमात म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळे एनडीपीएस म्हणतात. जिथं तीन वर्षं ही कमाल होती, तिथं बहुतेक गंभीर गुन्ह्यांना दहा वर्षं ही किमान झाली आणि त्याबरोबर किमान एक लाखाचा दंड.

खरा पेच मात्र १९८९ च्या दुरुस्तीनं पडला. २९ मे १९८९ रोजी लागू झालेल्या त्या दुरुस्तीत दोन कलमं एकत्र आली, आणि पुढचा सगळा इतिहास त्या दोघांच्या झटापटीचा आहे.

पहिलं कलम ३७, जामिनाचं. साध्या फौजदारी कायद्यात जन्मठेपेच्या गुन्ह्यातही न्यायालय विचारतं, आरोपी दोषी आहे असं मानायला सबळ कारण आहे का? कलम ३७ नं हा प्रश्न उलटा केला. आरोपी दोषी *नाही* असं मानायला सबळ कारण आहे, आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच जामीन. साक्षीदार तपासले गेलेले नाहीत, दोषारोप ठेवलेला नाही, आणि निर्दोष असल्याची खात्री मात्र आज पटवायची. अशा वेळी वकिलाच्या हाती असतं काय? पोलिसांचेच कागद. पंचनामा, जप्तीचा तक्ता, नमुन्याची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल. त्या कागदांतच भेग सापडली तर सापडली.

दुसरं कलम ५२ अ. ते माल नष्ट करण्यासाठी आलं. अमली माल घातक, चोरीला जाण्याजोगा, बदलला जाण्याजोगा, आणि साठवायला जागा नाही, म्हणून खटला संपायची वाट न बघता त्याची विल्हेवाट लावावी, असं कलमातच लिहिलेलं आहे. पण माल जाळून टाकल्यावर खटल्यात दाखवायचं काय? म्हणून पुढची व्यवस्था : मालाची यादी करायची, छायाचित्रं काढायची आणि *न्यायदंडाधिकाऱ्यासमोर* नमुने घ्यायचे. त्यानं प्रमाणित केलेली यादी, छायाचित्रं आणि नमुने हाच खटल्यात प्राथमिक पुरावा.

गंमत यापुढं आहे. दोनच आठवड्यांनी, १३ जून १९८९ रोजी, याच कलमाचा आधार घेऊन सरकारनं स्थायी आदेश १/८९ काढला. त्यानं सांगितलं की नमुने जप्तीच्या *जागीच* घ्यावेत, दुहेरी, पंचांसमोर आणि आरोपीसमोर. त्याआधीच्या वर्षी नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोनं काढलेला १/८८ हा आदेशही तेच सांगत होता, शिवाय नमुने ७२ तासांत प्रयोगशाळेकडे रवाना करा म्हणून. कायदा म्हणतो दंडाधिकाऱ्यासमोर, कायद्याखालचा आदेश म्हणतो रस्त्यावरच. पुढची सत्तावीस वर्षं बहुतेक ठिकाणी रस्त्यावरच नमुने घेतले जात राहिले. तपास अधिकाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर ते साहजिकही होतं. रात्री दोन वाजता महामार्गावर ट्रक अडवलाय, तिथं दंडाधिकारी कुठून आणायचा?

चोवीस ग्रॅम हा आकडाही याच आदेशांतला. इतर पदार्थांचे पाच ग्रॅम, पण अफू, गांजा आणि चरस यांचे चोवीस. जुन्या मापात जवळपास दोन तोळे. पुड्या अनेक असतील तर प्रत्येकीतून नमुना हवा. मात्र आकार, वजन, खुणा, आतल्या पदार्थाचा रंग आणि जागेवरच्या चाचणीचा निकाल सगळं सारखं असेल तर दहा पुड्यांची एक चळत करून एक नमुना चालेल. गांजा आणि चरसाला ही सवलत चाळीस पुड्यांची. हिशेब करून बघा. दोन-दोन किलोंच्या चाळीस पुड्या म्हणजे ऐंशी किलो गांजा, आणि त्याच्या वतीनं बोलणार चोवीस ग्रॅम.

ही सवलत वापरताना तपास अधिकारी जी चूक सर्रास करतो ती अगदी स्वयंपाकघरातली आहे. तो सगळ्या पुड्या फोडतो, माल एका ताडपत्रीवर ओततो, हातानं कालवतो आणि त्यातून नमुना उचलतो. त्याला वाटतं, सगळ्याचा अंश आला, झालं की. पण कालवल्यावर कुठल्या पुडीत काय होतं हे कायमचं पुसलं जातं. दहांतल्या दोन पुड्यांत चरस आणि आठांत शेणखत असलं, तरी प्रयोगशाळेचा अहवाल ‘चरस’ असाच येणार.

१९९४ मध्ये महाराष्ट्रातल्या कच्च्या कैद्यांची कैफियत विधी सहाय्य समितीमार्फत सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा कलम ३७ चा अर्थ तुरुंगात कसा उमटतो ते समोर आलं. खटले पुढं सरकत नव्हते, जामीन मिळत नव्हता. न्यायमूर्ती अहमदी आणि न्यायमूर्ती हंसारिया यांनी एकदाच लागू होणारा तोडगा काढला : किमान दहा वर्षांच्या गुन्ह्यात पाच वर्षं आत काढली असतील तर एक लाखाच्या जामिनावर, दोन जामीनदार घेऊन सोडा. परदेशी नागरिकाचा पासपोर्ट जप्त करा आणि त्याच्या वकिलातीकडून हमी घ्या. त्या आदेशात नमुन्याचा प्रश्न कुठंच नाही, मोजायची ती फक्त वर्षं.

नमुन्याचा काटा जामिनाकडं वळला तो २००१ च्या दुरुस्तीनंतर. तोवर किरकोळ सेवनाची कलमं सोडली तर थोडा माल आणि ढीगभर माल यांच्या शिक्षेत फारसा फरक नव्हता. आता तीन पायऱ्या झाल्या : अल्प, मधलं आणि व्यावसायिक प्रमाण. गांजाचं व्यावसायिक प्रमाण वीस किलो, चरसाचं एक किलो, हेरॉइनचं अडीचशे ग्रॅम. पुढं मुंबईत ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ म्हणून धुमाकूळ घालणाऱ्या मेफेड्रोनचं पन्नास ग्रॅम. आणि कलम ३७ ची ती उलटी अट मुख्यतः व्यावसायिक प्रमाणापुरती उरली.

झालं! वजन हीच जामिनाची किल्ली झाली. समजा अकराशे ग्रॅमच्या वीस पुड्यांत बावीस किलो गांजा धरला. व्यावसायिक प्रमाण, म्हणजे जामीन जवळजवळ अशक्य. पण वीसपैकी दोनच पुड्यांतून नीट नमुने घेतले असतील तर सिद्ध होण्याजोगा माल सव्वादोन किलोंच्या आतला, असा युक्तिवाद उभा राहतो. तो पटला की मधलं प्रमाण, कलम ३७ बाजूला आणि जामिनाचा नेहमीचा रस्ता मोकळा. गोव्यातली ती दुसरी कांडी अशी पुन्हा वर आली, फक्त शिक्षेऐवजी जामिनाच्या अर्जात.

या वजनावर आणखी एक लढाई झाली, तिचा उल्लेख ओझरता करतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भेसळ वगळून शुद्ध पदार्थच मोजा. त्या खटल्यात चार किलोंहून अधिक माल शुद्धतेच्या हिशेबानं साठ ग्रॅमवर आला. सरकारनं २००९ मध्ये अधिसूचना काढून ते फिरवलं आणि २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सरकारची बाजू उचलून धरली. आता मोजायचा तो सगळा माल, भेसळीसकट.

गांजाचा पेच वेगळाच. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया गांजा नव्हेत. पोलीस मात्र गोणीतलं सगळं तोलतात : काड्या, पानं, बिया, कधी ओलावासुद्धा. मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये एका प्रकरणात जामीन देताना नेमकं हेच टिपलं. जप्तीच्या वेळचं वर्णन एक आणि प्रयोगशाळेत पोहोचलेल्या नमुन्याचं वर्णन वेगळं, मग वीस किलोंचा हिशेब लावायचा कशाचा? एकेकाळी अहमदनगर जिल्ह्यात सरकारी परवान्यानं गांजा पिके आणि १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगानं त्याची सविस्तर नोंद घेतली. त्या काळच्या कारकुनाला शेंडा आणि पाला यांतला फरक सांगावा लागत नसे, कारण कर शेंड्यावर होता.

रस्त्यावर की दंडाधिकाऱ्यासमोर, हा १९८९ पासूनचा गुंता २८ जानेवारी २०१६ ला सुटला, निदान कागदावर. वकिलांच्या तोंडी तो निकाल ‘मोहनलाल’ म्हणून ओळखला जातो. जप्त माल गोदामांतून पुन्हा बाजारात जातो, या भीतीनं सर्वोच्च न्यायालयानं राज्यांकडून माहिती मागवली होती. उत्तरं वाचून डोळे पांढरे व्हावेत. २००२ ते २०१२ या दहा वर्षांत जप्त झालेल्यापैकी फार तर १६ टक्के माल नष्ट केलेला होता. बाकीचा जागेवर होता की त्याच्या जागी दुसरंच काही भरून ठेवलं होतं, याचा भरवसा कुणी द्यावा? सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर आणि न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी स्पष्ट केलं की जप्तीच्या वेळी नमुने घ्या असं अधिनियमात कुठंही नाही. माल ठाण्यात जमा करा, विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडं अर्ज करा, नमुने त्याच्यासमोर.

मग जामीन अर्जांना एक नवा परिच्छेद मिळाला. नमुने जागेवर घेतले, दंडाधिकारी नव्हते, अर्ज उशिरा केला. काही उच्च न्यायालयांनी यावर जामीन दिले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कलम ५२ अ धाब्यावर बसवल्याच्या कारणानं काही शिक्षा रद्द केल्या. सरकारनं दरम्यान, डिसेंबर २०२२ मध्ये, जप्ती-साठवण-नमुने-विल्हेवाट यांचे स्वतंत्र नियम केले आणि दंडाधिकाऱ्यासमोरचा नमुना हीच रीत लिहून टाकली. चोवीस ग्रॅम तेवढेच राहिले, चाळीस पुड्यांची चळतही राहिली.

पण लंबक फिरला. दिल्ली उच्च न्यायालयानं ५२ अ खालच्या अर्जाला झालेल्या उशिरावरून दिलेला एक जामीन २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांचं म्हणणं असं की हे कलम विल्हेवाटीसाठी आहे. त्यातली चूक ही प्रक्रियेतली अनियमितता, आणि निव्वळ तिच्यावर जामीन मिळणार नाही. पुढच्याच महिन्यात न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी थोडी जागा ठेवली : चुकीमुळं मालाबद्दलच शंका येत असेल तर तिचा विचार होईल, पण सुरुवातीला ती चूक आरोपीनं दाखवून द्यावी, मग सरकारनं पुरेसं पालन झाल्याचं सिद्ध करावं.

कायद्याच्या उगमाकडं बोट दाखवणारा डिसेंबरचा युक्तिवाद इतिहास म्हणून बरोबर आहे. ५२ अ खरोखरच गोदाम रिकामं करण्यासाठी जन्मलं. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. माल जाळायचा आहे म्हणूनच तर ती चिमूट इतकी मोलाची. विषप्रयोगाच्या खटल्यात बरणी पुन्हा उघडता येते, खुनातला सुरा पुन्हा कोर्टात आणता येतो. इथं माल राख झालेला असतो आणि नमुना हाच माल होऊन बसतो. तो घेताना पोलीस सोडून दुसरा एक माणूस हजर असण्याची ती एकच वेळ. बचावाचे वकील या कलमाचा वापर वेळकाढूपणासाठी करतात, खोट्या पंचनाम्यांइतकेच खोटे आक्षेपही घेतले जातात, हे खरं. त्यावर उपाय दंडाधिकाऱ्याच्या अर्ध्या तासाचा आहे, आणि तो अर्धा तास द्यायला यंत्रणेला १९८९ पासून वेळ होता.

नमुन्याची वाट अरुंद झाल्यावर वकील पुन्हा १९९४ च्या जुन्या मापाकडं वळलेत. मार्च २०२३ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांनी सात वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या एका आरोपीला खटला लांबल्याच्या कारणानं जामीन दिला, कलम ३७ असतानाही. या मार्गात पुड्या मोजाव्या लागत नाहीत. तो उघडतो मात्र वर्षं भरल्यावर.

मुंबईतला जप्त माल जाळायचा झाला की ट्रक तळोजाच्या औद्योगिक वसाहतीकडं जातात. तिथल्या भट्टीत किलोंनी मेफेड्रोन आणि गांजा जातो, छायाचित्रं निघतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी येते. तिथून फार लांब नसलेल्या तळोजा कारागृहात अशाच मालाचे कच्चे कैदी पुढच्या तारखेची वाट बघत असतात. आणि कलिन्याच्या प्रयोगशाळेत, सीलबंद पाकिटांत, प्रत्येकाचे चोवीस ग्रॅम.